रक्त धुणारे पाणी

आधी एक सोपे गणित करू. तुम्ही दिवसाला किती पाणी पिता? तांब्याने मोजा किंवा पेल्याने, ते साधारण दोन लिटर भरेल. म्हणजे आठवड्याला चौदा लिटर. लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात हा आकडा वीसच्याही वर जाईल. हे पाणी पोटात जाते, आतड्यांतून रक्तात शिरते, आणि त्यातले जास्तीचे पाणी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात.

आता दुसरे गणित. तुमच्याच जिल्ह्यात काही माणसे अशी आहेत, की त्यांना दिवसाला लिटरभरही पाणी पिण्याची मुभा नसते. एप्रिल-मे महिन्यांत घशाला कोरड पडली तर ती बर्फाचा खडा चघळतात किंवा नुसती चूळ भरतात. पण याच माणसांच्या रक्ताला लागून आठवड्याकाठी २४० ते ३६० लिटर पाणी वाहत असते. रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा एक पडदा असतो, एवढेच!

या माणसांची मूत्रपिंडे निकामी झालेली असतात आणि त्यांच्यावर चालणाऱ्या उपचाराला डायलिसिस म्हणतात. मराठी परिभाषेत त्यालाच अपोहन असा शब्द आहे. हे अपोहन म्हणजे नेमके काय, त्याचे यंत्र कसे चालते, आणि पाण्याशी त्याचा इतका जवळचा संबंध का, ते आपण या लेखात पाहू.

मूत्रपिंडे काय करतात?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला, आपली दोन मूत्रपिंडे असतात. आकार घेवड्याच्या बीसारखा, लांबी मुठीएवढी आणि वजन प्रत्येकी सुमारे १५० ग्रॅम. शरीराच्या मानाने ती किती लहान! पण हृदय दर मिनिटाला जे पाच लिटर रक्त पुढे ढकलते, त्यातले लिटरभराहून अधिक या दोन पिंडांकडे जाते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्यांची काम करण्याची रीत मोठी मजेशीर आहे. दिवाळीच्या आधी आपण घर कसे आवरतो? खोलीतले सगळे सामान अंगणात काढायचे, आणि मग हवे तेवढेच एकेक करून आत न्यायचे. राहिले ते टाकून द्यायचे. नेफ्रॉन तेच करतात. रक्तातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ते गाळून बाहेर काढतात. मग त्यातले पाणी, साखर, मीठ असे जे जे हवे ते मोजून परत रक्तात घेतात. शेवटी दीड लिटरच्या आसपास द्रव उरतो. तीच लघवी. तिच्यातून यूरियासारखी टाकाऊ द्रव्ये, जास्तीचे पोटॅशियम, जास्तीचे आम्ल आणि जास्तीचे पाणी निघून जाते.

या रीतीतली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मूत्रपिंड नुसते गाळत नाही, ते निवड करते. हवे काय आणि नको काय, हे त्याला कळते. पुढे या गोष्टीचे फार काम पडणार आहे.

मूत्रपिंडे दोन प्रकारे निकामी होतात. पहिला प्रकार अचानक होणारा. उसाच्या फडात किंवा शेताच्या बांधावर घोणस चावली, तर तिच्या विषाने काही वेळा मूत्रपिंडांचे काम बंद पडते. फार जुलाब होऊन अंगातले पाणी आटले, किंवा भिंत कोसळून हातापायांचे स्नायू ढिगाऱ्याखाली चिरडले गेले, तरीही असे घडू शकते. यातले बरेच रुग्ण काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरे होतात, कारण मूत्रपिंडे पुन्हा कामाला लागतात. तोवर माणूस जगवायचा असतो. दुसरा प्रकार हळूहळू, वर्षानुवर्षे होणारा. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब ही त्याची मुख्य कारणे. यात गेलेली शक्ती परत येत नाही. अशा माणसाला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवावे लागते, नाही तर कायम डायलिसिसवर राहावे लागते.

डिंक आणि साखर वेगळी करणारा रसायनशास्त्रज्ञ

डायलिसिसचा शोध रुग्णालयात लागला नाही. तो लागला रसायनशास्त्राच्या टेबलावर. टॉमस ग्रॅहॅम हा स्कॉटलंडचा शास्त्रज्ञ. उतारवयात तो इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीचा प्रमुख होता. १८६१ साली त्याने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लाकडी कड्यावर चर्मपत्रासारखा कागद ताणून बसवला, म्हणजे पीठ चाळायच्या चाळणीसारखी एक उथळ थाळी झाली. तिच्यात डिंक आणि साखर यांचे मिश्रण ओतले आणि ती थाळी पाण्यावर तरंगत ठेवली. काही तासांनी पाहिले, तर साखर कागदातून खालच्या पाण्यात उतरली होती. डिंक मात्र वरच राहिला होता.

असे का झाले? साखरेचे रेणू लहान आणि डिंकाचे रेणू फार मोठे. कागदाला असलेल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून लहान रेणू पार जातात, मोठे जात नाहीत. अशा पडद्याला अर्धपार्य पटल म्हणतात. आणि साखर खालीच का गेली? कारण वर ती जास्त होती आणि खाली मुळीच नव्हती. पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो आपोआप सगळीकडे पसरतो. जेथे दाटी आहे तेथून जेथे विरळ आहे तेथे पसरण्याच्या या क्रियेला विसरण म्हणतात. पडद्यातून विसरण घडवून लहान रेणू मोठ्या रेणूंपासून वेगळे करायचे, या युक्तीला ग्रॅहॅमने डायलिसिस असे नाव दिले. हीच युक्ती पुढे माणसांचे प्राण वाचवणार होती.

आता रक्ताचा विचार करा. यूरियाचा रेणू लहान. त्याचा रेणुभार अवघा ६०. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा रेणुभार सुमारे ६६,०००. तांबड्या पेशी तर त्याहून कितीतरी मोठ्या. म्हणजे रक्त हे डिंकासारखे आणि त्यातला यूरिया साखरेसारखा. पडद्याच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला यूरिया नसलेले पाणी ठेवले, तर यूरिया आपण होऊन पलीकडे जाईल आणि प्रथिने व पेशी अलीकडेच राहतील.

करून पाहा

एक कच्चे अंडे पेल्यात ठेवून ते बुडेल एवढे व्हिनेगर ओता. अंड्यावर बुडबुडे दिसू लागतील. दोन दिवसांत कवच विरघळून जाईल आणि नुसत्या पातळ पडद्यातले अंडे हाती येईल. ते अलगद धुऊन दिवसभर साध्या पाण्यात ठेवा. ते फुगेल. नंतर साखरेच्या दाट पाकात ठेवा. आता ते सुरकुतेल. पाणी पडद्यातून आत गेले आणि बाहेरही आले, पण आतला बलक व पांढरे बाहेर आले नाही. पाण्याच्या अशा जाण्यायेण्याला तर्षण म्हणतात. घरी अंडी आणत नसतील, तर मनुका रात्रभर पाण्यात भिजवा. ती का फुगते, याचे उत्तर तुम्हाला आता देता येईल. प्रयोगातले अंडे खाऊ नका.

युद्धाच्या काळातले लाकडी पिंप

तत्त्व कळले तरी माणसावर ते वापरायला फार वर्षे लागली. मुख्य अडचण अशी, की शरीराबाहेर काढलेले रक्त गोठते. १९१३ साली अमेरिकेत जॉन एबल आणि त्याचे सहकारी यांनी जनावरांवर प्रयोग केले. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांच्या तोंडातला रस वापरला! पुढे हेपारिन हे रक्त न गोठू देणारे द्रव्य हाती आले आणि सेलोफेनच्या नळ्या बाजारात मिळू लागल्या. या नळ्या मांसाचे सॉसेज भरण्यासाठी बनवलेल्या होत्या.

या दोन गोष्टी एकत्र आणल्या विलेम कोल्फ या तरुण डच डॉक्टराने. १९३८ साली त्याच्या डोळ्यांदेखत एक २२ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावला. दररोज वीसेक ग्रॅम यूरिया रक्तातून काढता आला असता, तर हा मुलगा जगला असता का, हा प्रश्न कोल्फला सोडीना. दुसरे महायुद्ध सुरू झाले, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात गेले. साहित्य मिळण्याची मारामार. तरी कांपेन गावच्या रुग्णालयात १९४३ साली त्याने यंत्र उभे केले. लाकडी पट्ट्यांचे एक आडवे पिंप, त्यावर गुंडाळलेली सुमारे वीस मीटर सेलोफेनची नळी, आणि पिंपाचा खालचा भाग मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडालेला. पिंप फिरे तसतसे नळीतले रक्त पाण्यातून धुऊन निघे.

पहिले जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. कोल्फने काम सोडले नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेतली एक ६७ वर्षांची बाई यंत्रावर आली. अकरा तासांनंतर ती शुद्धीवर आली, तिची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली आणि ती पुढे काही वर्षे जगली.

पण ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली, त्यांचे काय? दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि अशा वाहिन्या लवकरच संपत. १९६० साली अमेरिकेतल्या सिएटल शहरी बेल्डिंग स्क्रिब्नर याने हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी बसवली. १९६६ साली त्याहून सोपी युक्ती पुढे आली. हाताच्या मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडायच्या. धमनीतल्या जोरदार रक्ताने ती शीर फुगून जाड होते आणि तिच्यात पुन्हा पुन्हा सुई घालता येते. हिला फिस्चुला म्हणतात. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावर जाड, फुगीर शीर दिसते, ती हीच. त्या हाताचा रक्तदाब घेत नाहीत आणि त्या हाताने जड ओझे उचलत नाहीत.

आजचे यंत्र

आजच्या यंत्रातला मुख्य भाग म्हणजे डायलायझर. तो हातभराहून लहान अशी प्लॅस्टिकची पारदर्शक नळकांडी असतो. त्याच्यात केसासारख्या बारीक आणि पोकळ अशा दहा हजारांच्या आसपास नळ्या गच्च भरलेल्या असतात. या नळ्यांच्या भिंती म्हणजेच अर्धपार्य पटल. सगळ्या नळ्या उलगडून पसरल्या तर दीड ते दोन चौरस मीटर पडदा होईल.

नळ्यांच्या आतून रक्त वाहते आणि बाहेरून अपोहन द्रव. दोन्ही उलट दिशांनी वाहतात. का बरे? टंचाईच्या दिवसांत आई धुणे कसे धुते ते आठवा. साबणाचे कपडे आधी वापरलेल्या पाण्यात खळबळायचे आणि शेवटचे खळबळणे तेवढे स्वच्छ पाण्यात करायचे. यंत्रातही तसेच होते. आत शिरणाऱ्या घाण रक्ताला जरा वापरलेला द्रव भेटतो आणि बाहेर पडणाऱ्या धुतलेल्या रक्ताला अगदी ताजा द्रव. त्यामुळे शेवटपर्यंत यूरिया बाहेर जातच राहतो.

अपोहन द्रव साधे पाणी का नसते? साधे पाणी वापरले तर यूरियाबरोबर रक्तातले आवश्यक क्षारही निघून जातील आणि पाणी शिरून तांबड्या पेशी फुटतील. म्हणून द्रवात सोडियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट इत्यादी रक्ताइतकेच किंवा गरजेप्रमाणे कमीजास्त ठेवतात. दोन्ही बाजूंना प्रमाण सारखे असले की त्या द्रव्याची आवक-जावक होत नाही. पोटॅशियम मुद्दाम कमी ठेवतात, कारण ते काढून टाकायचे असते. रक्तात पोटॅशियम साठले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून तर अर्धापूरची गोड केळी नांदेड जिल्ह्यात सगळ्यांनी खावीत, पण डायलिसिसच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत. अंगात साठलेले पाणी काढण्यासाठी यंत्र द्रवाच्या बाजूचा दाब कमी करते, म्हणजे रक्तातले पाणी पडद्यातून पलीकडे ओढले जाते.

आता आकडे पाहा. एका खेपेला चार तास लागतात. रक्त मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर वाहते. म्हणजे चार तासांत ६० लिटर. शरीरात रक्त असते पाच लिटर, तेव्हा ते सगळे सुमारे बारा वेळा धुऊन निघते. मात्र एका वेळी शरीराबाहेर पाव लिटरच्या आसपासच रक्त असते. द्रव मिनिटाला ५०० मिलिलिटर वाहतो. चार तासांत किती? १२० लिटर. आठवड्यात दोन खेपा केल्या तर २४०, तीन केल्या तर ३६०. सुरुवातीला सांगितलेला आकडा आला तो असा.

पडदा पारख करत नाही

येथे आपण मुख्य मुद्द्यावर आलो. मूत्रपिंड निवड करते, हे आपण पाहिले. डायलायझरचा पडदा निवड करत नाही. त्याला फक्त लहान आणि मोठे एवढेच कळते. रक्तातले लहान रेणू जसे पाण्यात जातात, तसे पाण्यातले लहान रेणूही रक्तात जातात. पिण्याच्या पाण्यात काही नको ते असले, तर आपली आतडी बरेचसे अडवतात आणि राहिलेले मूत्रपिंडे बाहेर काढतात. डायलिसिसच्या रुग्णाला या दोन्ही राखणदारांचा उपयोग नाही. म्हणून आपल्याला पिण्यास चांगले असलेले पाणीसुद्धा त्याच्या रक्ताशेजारी न्यायला चांगले असेलच असे नाही. ही गोष्ट जग मोठी किंमत देऊन शिकले.

पहिले उदाहरण जड पाण्याचे. मराठवाड्याची जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुष्कळ. साबणाला फेस येत नाही, बादलीला आणि नळाला पांढरे पुट चढते, हे तुम्ही घरी पाहिलेच आहे. असे पाणी तसेच यंत्रात गेले तर रुग्णाच्या रक्तातले कॅल्शियम वाढते. मळमळ, उलट्या, डोकेदुखी सुरू होते, रक्तदाब चढतो. या त्रासाचे वर्णन डॉक्टरांनी १९६७ साली केले आणि त्याला जड पाण्याचा विकार असेच नाव पडले.

दुसरे उदाहरण तुरटीचे. गढूळ पाणी निवळण्यासाठी जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी वापरतात. तुरटीत ॲल्युमिनियम असते. आतड्यांतून ते जेमतेम रक्तात जाते, म्हणून पिण्यास धोका नाही. पण १९७० नंतरच्या काळात युरोप-अमेरिकेत डायलिसिसचे काही रुग्ण अडखळत बोलू लागले, त्यांची स्मृती गेली आणि काही मरण पावले. शोध घेता ॲल्युमिनियम त्यांच्या मेंदूत साठल्याचे आढळले. त्याचा एक मुख्य मार्ग यंत्रातले पाणी हाच होता.

तिसरे उदाहरण तर आपण सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. ब्राझीलच्या ईशान्येला कारुआरू नावाचे शहर आहे. तो भागही मराठवाड्यासारखाच अवर्षणाचा. १९९६ च्या फेब्रुवारीत तेथील एका डायलिसिस केंद्रात टँकरने आणलेले, नीट शुद्ध न केलेले तलावाचे पाणी वापरले गेले. तलावात नीलहरित शेवाळ वाढले होते आणि त्याचे मायक्रोसिस्टिन नावाचे विष पाण्यात उतरले होते. सुमारे १३० रुग्णांपैकी ११६ जणांना त्रास झाला, १०० जणांचे यकृत निकामी झाले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत ५२ जणांचा मृत्यू या विषामुळे झाल्याचे ठरले.

रेल्वेने आलेले पाणी

आता लातूरकडे येऊ. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. शहराला पाणी द्यायचे कोठून? शेवटी मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा टाक्यांची पहिली गाडी लातूरला पोचली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शहराची वस्ती चार लाखांच्या घरातली. म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास! पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली आणि एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले.

अशा दिवसांत पाणी कमी होते, आणि त्याबरोबर बदलतेही. आज धरणाचे, उद्या बोअरचे, परवा टँकरचे. बोअर खोल गेली की क्षारांचे प्रमाण वेगळे. टँकरच्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून क्लोरीन जास्त घातलेले. पिण्यास ते योग्यच, पण क्लोरीन रक्तात गेले तर तांबड्या पेशी फोडते. म्हणून डायलिसिस केंद्राच्या मागच्या बाजूला एक खोली असते. रुग्ण ती क्वचितच पाहतो, पण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो.

त्या खोलीत पाणी एकापाठोपाठ एक अशा टप्प्यांतून जाते. वाळूच्या गाळणीत गाळ राहतो. मग पाणी मृदू करणाऱ्या टाकीत कॅल्शियम-मॅग्नेशियम जाते. पुढच्या टाकीतला खास कोळसा क्लोरीन शोषून घेतो. शेवटचा टप्पा आरओचा, म्हणजे व्यस्त तर्षणाचा. तुमचे अंडे पाण्यात फुगले, कारण पाणी आपण होऊन दाट द्रावणाकडे गेले. आरओमध्ये पंपाने जोराचा दाब देऊन पाण्याला उलट, क्षारांकडून शुद्ध बाजूकडे ढकलतात. क्षार मागे राहतात. कोळशाच्या टाकीनंतरच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे का, हे रुग्णांची प्रत्येक पाळी सुरू होण्याआधी तपासायचे असते. पाण्यातल्या जंतूंची तपासणी आणि नळ्यांची स्वच्छता ठरलेल्या दिवशी करायचीच असते. पाण्याची टंचाई आहे म्हणून यातला एकही टप्पा वगळता येत नाही.

पण आरओमध्ये काही पाणी क्षार घेऊन बाहेर जाते. समजा, आत गेलेल्या पाण्यापैकी एक तृतीयांश असे गेले. मग १२० लिटर शुद्ध पाण्यासाठी १८० लिटर घ्यावे लागेल. दहा यंत्रे दिवसाला दोन पाळ्या चालली, तर वीस खेपांना ३,६०० लिटर. हे क्षारयुक्त पाणी रुग्णाच्या जवळही गेलेले नसते, नुसते खारट असते. ते गटारात न सोडता साठवले तर फरशी पुसायला आणि शौचालयांत वापरता येते. वरच्या हिशेबात असे पाणी दिवसाला १,२०० लिटर होते. टंचाईच्या गावात ही बचत काही थोडी नव्हे. मात्र यंत्रातून रुग्णाचे रक्त धुऊन निघालेला द्रव वेगळा; तो असा वापरायचा नसतो.

योगायोग असा, की रेल्वेने पाणी आले त्याच २०१६ साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय व्हावी आणि गरिबांना ती मोफत मिळावी, असा त्याचा हेतू. त्याआधी २०१२ साली राज्यात जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि तिच्यातही डायलिसिसचा समावेश आहे. यंत्रे वाढली, म्हणजे अशा शुद्ध पाण्याची गरजही वाढली.

ज्यांच्या गावापासून केंद्र फार लांब आहे, त्यांच्यासाठी दुसरी एक पद्धत आहे. आपल्या पोटाच्या पोकळीला आतून एक नैसर्गिक पडदा असतो. मऊ नळीने पोटात दोन लिटर निर्जंतुक द्रव सोडायचा, काही तासांनी काढून टाकायचा, आणि पुन्हा नवा सोडायचा. दिवसातून तीन-चार वेळा हे घरीच करता येते. यात पडदा शरीराचाच, आणि द्रव पिशवीतून तयार येतो. पण हात धुण्यात जराही हयगय झाली तर पोटात जंतू शिरतात, म्हणून स्वच्छतेची शिस्त कडक लागते.

यंत्राला न जमणारी कामे

एवढे झाले तरी यंत्र म्हणजे मूत्रपिंड नव्हे. मूत्रपिंड रात्रंदिवस, आठवड्याचे १६८ तास काम करते. यंत्र आठ ते बारा तास करते. म्हणून मधल्या दिवसांत पाणी, मीठ आणि पोटॅशियम मोजून घ्यावे लागते. तांबड्या पेशी तयार करण्याचा संदेश मूत्रपिंडे देतात आणि हाडांसाठी ड जीवनसत्त्व कामास योग्य करतात. ही कामे यंत्राला येत नाहीत, त्यासाठी इंजेक्शने व औषधे द्यावी लागतात.

म्हणून यंत्रापर्यंत जाण्याची वेळ न येणे हे सर्वांत चांगले. तुमच्या घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का? असेल तर त्यांना एक प्रश्न विचारा: या वर्षी रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासले का? मूत्रपिंडाचा आजार बराच वाढेपर्यंत दुखत नाही. तो कळतो तो अशा तपासणीतूनच. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज घेण्याची सवय कोणाला असेल, तर ती डॉक्टरांना सांगायला लावा. उन्हात काम करणाऱ्यांनी पाणी पीत राहावे. आणि घोणस चावली तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठावे, कारण विषावरचा उतारा जितका लवकर मिळेल तितके बरे.

शेवटी तुमच्यासाठी एक गणित. एका केंद्रात पाच यंत्रे आहेत, ती दिवसाला तीन पाळ्या आणि आठवड्याला सहा दिवस चालतात. एका खेपेला १८० लिटर पाणी लागते. तर आठवड्याला किती पाणी लागेल, आणि त्यातले किती पुन्हा वापरता येईल? उत्तर काढा आणि तुमच्या घरी आठवड्याला लागणाऱ्या पाण्याशी ताडून पाहा.